डिस्क मधेच गायब होते, रीस्टार्ट केलं की परत येते

लक्षणं अशी. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय') किंवा एखादा जुना मिनी पीसी घरचा सर्व्हर म्हणून कोपऱ्यात चोवीस तास चालू असतो, लिनक्सवर. त्याला यूएसबीने एक डिस्क लावलेली असते आणि तिच्यावर घरातले फोटो, सिनेमे, कागदपत्रं. आठवडाभर सगळं सुरळीत चालतं. मग एका संध्याकाळी आतल्या खोलीतून आवाज येतो, "अरे, फोटो दिसत नाहीयेत!" फोटो आणि फाइल दाखवणाऱ्या इमिच किंवा नेक्स्टक्लाउडचं पान उघडतं, पण आत काहीच नाही, किंवा एखादा गूढ एरर. एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून टर्मिनलने) आत शिरता येतं, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे. डिस्क तेवढी नाही. प्लग काढून परत लावला की सगळं जागच्या जागी. काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार.

यावर जो तो आपापला उपाय सांगतो. कुणी केबल बदलायला सांगतं, कुणी अडॅप्टर, कुणी डिस्क. प्रत्येकाचं कधी ना कधी बरोबर निघतं, कारण हा एकच आजार नाही. वीज कमी पडणं, यूएसबीच्या पुलाच्या चिपशी (डिस्कला यूएसबीशी जोडणारी, खोक्यातली चिप) कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, न जमणं, उष्णता, सैल जोड, अशी निदान चार वेगळी कारणं शेवटी एकसारखीच दिसतात. यातलं तुमचं कोणतं, हे दोन गोष्टी सांगतात: डिस्क नेमकी कधी गेली, आणि त्या क्षणी कर्नलने काय लिहून ठेवलं. घाईने केलेल्या रीस्टार्टने बहुतेक वेळा या दोन्ही पुसल्या जातात. म्हणून आधी रीस्टार्ट करू नका. घरच्यांना दहा मिनिटं थांबायला सांगा.

(कमांडची नावं खाली देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाकायची, हे वेगळं सांगायला नको.)

रीस्टार्टच्या आधी

पहिली कमांड डीमेसेज (अक्षरं डी-एम-ई-एस-जी), म्हणजे कर्नलचा लॉग, वेळ दिसण्यासाठी मोठ्या टी-सह. शेवटी लाल अक्षरांत आय-ओ एररचा पाऊस दिसेल. 'अबॉर्टिंग जर्नल' आणि 'रीमाउंटिंग फाइलसिस्टीम रीड-ओन्ली' अशाही ओळी दिसतील. या वाचून बरेच जण फाइलसिस्टीम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) बिघडली असं ठरवतात आणि ती तपासणारी एफएससीके चालवायला घेतात. ते सगळे परिणाम आहेत. तिथून वर सरकत जा आणि पहिली वाईट ओळ शोधा. तिथे 'यूएसबी डिस्कनेक्ट' असेल तर उपकरण बसवरून पूर्ण निघून गेलं होतं. डिस्कनेक्ट नाही, पण 'रीसेट सुपरस्पीड' पुन्हा पुन्हा दिसतंय, किंवा 'यूएएस' (यावर खाली वेगळा भाग आहे) हा शब्द 'अबॉर्ट'च्या शेजारी दिसतोय, तर डिस्क तिथेच होती, फक्त बोलणं तुटलं. त्याच्या एक-दोन सेकंद आधी 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' असेल तर गुन्हेगार जवळपास सापडलाच.

मग एलएसबीएलके, म्हणजे जोडलेल्या डिस्कची यादी. आधी एसडीए असलेली डिस्क आता एसडीबी झालेली दिसली, तर ती निघून परत आली आहे, पण जुना माउंट (डिस्क आणि फोल्डर यांची जोडणी) अजून मेलेल्या नावाला चिकटून बसला आहे. म्हणूनच डिस्कचा दिवा छान जळत असतो आणि फोल्डर उघडत नाही.

तिसरी कमांड फक्त पायवाल्यांसाठी: व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड. उत्तर नुसतं शून्य आलं तर बूट झाल्यापासून पायला व्होल्टेज कमी पडलेलं नाही. ५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, पण मधे कधीतरी व्होल्टेज पडलं आणि प्रोसेसरलाही लगाम बसला. ५०००५ आलं तर हे या क्षणीही चालू आहे. उजवीकडचा शेवटचा आकडा 'आत्ता'चा, पाचवा आकडा 'बूट झाल्यापासून'चा. हीही नोंद रीस्टार्टला पुसली जाते.

चौथी गोष्ट क्वचितच कुणी बघतं, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाची तीच आहे. स्मार्टसीटीएलने डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढा (यूएसबी खोक्यातल्या साटा डिस्कला बहुतेकदा 'डी सॅट' हा पर्याय द्यावा लागतो) आणि पॉवर सायकल काउंट हा आकडा वहीत लिहून ठेवा. डिस्कची वीज किती वेळा जाऊन आली ते हा आकडा मोजतो. पुढच्या वेळी डिस्क गायब होऊन परत दिसली की पुन्हा बघा. सर्व्हर रीस्टार्ट झालेला नसताना हा आकडा वाढला असेल, तर डिस्कची वीजच गेली होती. वाढला नसेल, तर वीज होती आणि फक्त संवाद तुटला. या एका आकड्याने निम्मे संशयित घरी पाठवता येतात.

एवढं करूनही लॉग हाती लागला नाही, तर जर्नल, म्हणजे सिस्टीमचा लॉग, कुठे साठतंय ते तपासा. रास्पबेरी पाय ओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मेमरी कार्ड वाचवण्यासाठी जर्नल फक्त रॅममध्ये राहतं. ईटीसीमधल्या सिस्टीमडीच्या फोल्डरात जर्नलडी डॉट कॉन्फ डॉट डी असा फोल्डर करून त्यात एक छोटी फाइल टाका. जर्नल या शीर्षकाखाली दोन ओळी: स्टोरेज बरोबर पर्सिस्टंट, आणि सिस्टीममॅक्सयूज बरोबर २०० एम. लॉग मुख्य कार्डावरच राहू द्या. गायब होणाऱ्या डिस्कवर गायब होण्याची नोंद ठेवून उपयोग नाही. मग पुढच्या वेळी कुणी घाईत प्लग ओढला तरी जर्नलसीटीएलला 'बी वजा एक' देऊन आधीच्या बूटचा लॉग वाचता येतो.

किती वाजता गेली?

लॉगमधली वेळ एका ओळीत लिहून ठेवायची सवय लावा. तीन-चार नोंदी झाल्या की आकार दिसायला लागतो. पहाटे बॅकअप चालू असताना जाते, म्हणजे भार पडल्यावर जाते: संशय यूएएसवर किंवा विजेवर. एप्रिल-मेमध्ये दुपारीच जाते, तर उष्णता. बराच वेळ कुणी वापरली नाही की जाते, तर खोक्याच्या फर्मवेअरमधला झोपेचा टायमर. आणि गावात वीजदेखभालीचा वार ठरलेला असेल आणि डिस्कही नेमकी त्याच वारी जात असेल, तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. पुढचा भाग वाचा.

वीज

निम्म्याहून अधिक प्रकरणं इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर इतकाच प्रवाह मिळतो. प्रत्येकी नाही, चौघांत मिळून. लॅपटॉपमध्ये बसते त्या आकाराची फिरती डिस्क सुरू होताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. एसएसडी शांत असताना फार घेत नाही, पण लांबलचक लिखाण सुरू झालं की तिचीही भूक वाढते. शेजारी एक पेनड्राइव्ह किंवा झिगबी डोंगल लावला की गणित काठावर येतं. पाय ५ वर गंमत वेगळी आहे. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर मिळाला तर तो यूएसबीला १.६ अँपिअर देतो, आणि साधा ३ अँपिअरचा मिळाला तर फक्त ०.६. कॉन्फिग फाइलमध्ये ही मर्यादा उठवायची ओळ टाकता येते, पण त्याने अडॅप्टरमध्ये नसलेली ताकद येत नाही. 

घरातला '६५ वॅट'चा फोनचा चार्जर इथे चालेल असं वाटतं. ते वॅट ९, ११ किंवा २० व्होल्टवरचे असतात. पायला ५ व्होल्टच हवेत. चार्जरच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत ५ व्होल्टसमोर काय लिहिलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी २ किंवा ३ अँपिअर निघेल. ५ व्होल्टवर ५ अँपिअर बाजारातले बहुतेक चार्जर देत नाहीत.

त्यात केबलचा हिशेब. पायची कमी व्होल्टेजची खूण ४.६३ व्होल्टच्या आसपास आहे. लांब, बारीक तारेच्या केबलचा जाऊन-येऊन विरोध ०.१५ ओहम धरला, तर ३ अँपिअरला ०.४५ व्होल्ट केबलमध्येच जिरतात. बरोबर ५ व्होल्ट देणाऱ्या चार्जरचे पायपाशी ४.५५ उरतात. अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो आणि त्याची केबल काढता येत नाही, ते उगाच नाही. त्याची किंमत पाहून कुरकुर होते, मान्य आहे. पण फोटोंच्या डिस्कवर हजारो रुपये घालून अडॅप्टरवर काटकसर करण्यात अर्थ नाही.

याहून पक्का उपाय म्हणजे डिस्कला पायच्या जिवावर जगवूच नका. स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब घ्या, किंवा स्वतंत्र वीज असलेलं खोकं. हब घेताना एक बघा: काही स्वस्त हब उलटी वीज पायमध्ये ढकलतात. पायचा स्वतःचा प्लग काढूनही त्याचा लाल दिवा मंद जळत राहिला, तर तो हब परत करा.

पण स्वतंत्र अडॅप्टर आला की एक नवी भानगड येते, आणि आपल्याकडे, जिथे दिवे गेले की इन्व्हर्टर लागतो, ती सारखी भेटते. मोठ्या, ३.५ इंची डिस्कचा अडॅप्टर वेगळा, १२ व्होल्टचा. दिवे जातात, इन्व्हर्टर लागतो, मधे काही मिलिसेकंद वीज नसते. पायचा अडॅप्टर आपल्या कपॅसिटरच्या जोरावर हा खड्डा ओलांडतो. जास्त भार असलेला डिस्कचा अडॅप्टर ओलांडत नाही. म्हणजे सर्व्हर बंदच पडत नाही, अपटाइम छान वीस दिवसांचा दिसतो, आणि डिस्क मात्र मधेच मरून पुन्हा जिवंत झालेली असते. गेट-थ्रॉटल्डचं उत्तरही शून्य, कारण पायला काहीच झालेलं नसतं. इथे पॉवर सायकल काउंट लबाडी पकडतो.

घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे बहुधा 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असा एक खटका असतो. नॉर्मलवर वीज बदलायला लागणारा वेळ जास्त, यूपीएसवर कमी. तो यूपीएसवर करून बघा. एवढ्यानेच प्रश्न सुटलेली घरं मी पाहिली आहेत. मात्र जिथे व्होल्टेज रोज संध्याकाळी खाली जातं तिथे यूपीएस मोडवर इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जाईल, कारण या मोडमध्ये तो कमी व्होल्टेज लवकर नाकारतो. अशा ठिकाणी सर्व्हर, राउटर आणि डिस्क या तिघांसाठी संगणकाचा छोटा यूपीएस वेगळा ठेवलेला बरा. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मोठ्या डिस्कला लावायचा मोह होईल. डिस्क फिरायला लागताना लागणारा प्रवाह त्याच्या आवाक्यात आहे का, हे दोघांची लेबलं शेजारी ठेवून बघा.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर एनयूटी हे सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलून बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर नीट बंद करतं. स्वस्त यूपीएसना हा पोर्ट नसतो. त्यावर एक देशी युक्ती: बॅकअपवर नसलेल्या सॉकेटला एक वायफाय प्लग लावा आणि सर्व्हरने दर मिनिटाला त्याला पिंग करावं. सलग दहा मिनिटं उत्तर आलं नाही, म्हणजे दिवे गेलेत, मग शटडाउन. तोटा एकच. यूपीएसची बॅटरी पूर्ण संपायच्या आत दिवे परत आले, तर बंद झालेल्या पायला कळतच नाही, कारण त्याची वीज कधी गेलेलीच नसते. तो तसाच निजून राहतो. मिनी पीसीच्या बायोसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' हे लावलेलं असलं तरी तेच होतं. तुम्ही महिनोनमहिने घरापासून लांब राहत असाल, परदेशात असाल, आणि सर्व्हर आईवडिलांच्या घरी नाशिकला असेल, तर ही युक्ती न वापरता वीज जाईपर्यंत चालू ठेवलेला बरा. बदल करण्याआधी त्यांची नोंद (हेही जर्नलच, पण लॉगचं नव्हे) ठेवणारी एक्स्ट-४ फाइलसिस्टीम असे धक्के बरेच पचवते. टीव्हीला लावायची म्हणून एक्सफॅटमध्ये ठेवलेली डिस्क पचवत नाही. सर्व्हरच्या डिस्कवर एक्सफॅट ठेवूच नका.

यूएएस

पॉवर सायकल काउंट हलला नाही आणि लॉगमध्ये रीसेट आणि अबॉर्ट दिसतायत, तर संशय यूएसबी ते साटा करणाऱ्या पुलाच्या चिपवर. या चिपशी कर्नल दोन पद्धतींनी बोलू शकतो. जुनी साधी यूएसबी-स्टोरेज पद्धत एका वेळी एकच आज्ञा देते. नवी यूएएस बऱ्याच आज्ञा एकदम देते आणि वेगवान आहे. काही चिपचं, किंवा त्यांच्या ठरावीक फर्मवेअरचं, भार वाढला की यूएएसवर डोकं फिरतं. पायवर याचा त्रास जास्त ऐकू येतो.

एलएसयूएसबीने चिपचा आयडी बघा. उदाहरणार्थ १५२डी:०५७८ हा जेमायक्रॉनच्या एका फार प्रचलित चिपचा आहे. मग कर्नलच्या आज्ञेच्या ओळीत यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स, बरोबरचं चिन्ह, हा आयडी, पुन्हा कोलन आणि लहान यू, असं जोडा. पायवर ही ओळ सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये असते. बुकवर्म आवृत्तीपासून ती फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरात गेली आहे आणि जुन्या जागी बदल करून काही होत नाही. फाइलमधला मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. चुकून एंटर दाबला गेला तर तिथून पुढचं काहीच वाचलं जात नाही. मिनी पीसीवर हीच भर ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) कर्नल ओळीत घालून ग्रब अपडेट करा.

रीस्टार्टनंतर एलएसयूएसबीला टी देऊन बघा. डिस्कसमोर यूएएसऐवजी यूएसबी-स्टोरेज दिसलं पाहिजे. ते दिसलं नाही तर उपाय लागूच झालेला नाही, आणि 'करून पाहिलं, फरक पडला नाही' असं म्हणायला तुम्ही मोकळे नाही. वेग कमी होतो, पण गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट येतात. फोटो बघताना फरक जाणवणार नाही. डेटाबेसही त्याच डिस्कवर असेल तर थोडा जाणवेल.

उष्णता आणि जोड यांचं लवकर उरकतो. ॲल्युमिनियमच्या खोक्यातली एनव्हीएमई एसएसडी विदर्भातल्या मे महिन्यात, बंद कपाटात, राउटरच्या डोक्यावर ठेवलेली असेल तर लॉग न वाचताही सांगता येईल. बाहेर काढा, छोटा पंखा लावा. जोडांपैकी यूएसबी ३ चा तो रुंद, चपटा मायक्रो-बी जोड सगळ्यांत आधी सैल होतो. केबल हलवल्यावर लॉगमध्ये ओळ आली, तर केबल कचऱ्यात. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी एररचा आकडा मात्र यूएसबी केबलबद्दल काहीच सांगत नाही. तो खोक्याच्या आतल्या साटा जोडाचा असतो. तो वाढत असेल तर खोकं उघडून डिस्क काढून नीट बसवा. ५ किंवा १९७ (खराब झालेल्या जागांचे आकडे) वाढत असेल तर वरचं काहीही न करता आधी डेटा दुसरीकडे काढा. ती डिस्क जाणार आहे.

आणि डिस्क लावली की पायचं वायफाय रडतं, असं असेल तर डिस्क निर्दोष असू शकते. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जातो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून दाखवलं आहे. सर्व्हरला इथरनेटची तार द्या.

रिकाम्या फोल्डरचा सापळा

डिस्क जाणं हा त्रास. पण खरं नुकसान त्यानंतर होतं. डिस्क जिथे माउंट होते तो फोल्डर मुळात कार्डावरचा एक साधा रिकामा फोल्डर आहे. डिस्क नसताना सर्व्हर सुरू झाला तर डॉकरला (ॲप्स वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या प्रोग्रामला) तो रिकामा फोल्डर दिसतो, आणि कंटेनर त्यातच आनंदाने लिहायला लागतो. फोनवरून फोटो येत राहतात, कार्डावर साठत राहतात, कार्ड भरतं, आणि मग सगळंच कोसळतं. नंतर डिस्क माउंट झाली की हे फोटो तिच्याखाली झाकले जातात. मोकळी जागा सांगणारं डीएफ म्हणतं कार्ड भरलंय, फोल्डरांची बेरीज करणारं डीयू म्हणतं कुठेच काही नाही. अशा वेळी मूळ फाइलसिस्टीम दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर बाइंड माउंट करून बघा. झाकलेल्या फाइल तिथे दिसतात.

याहून वाईट म्हणजे रात्रीचा बॅकअप. प्रत काढणाऱ्या आरसिंकला डिलीटचा पर्याय (मूळ ठिकाणी नसलेलं प्रतीतूनही खोडा) दिलेला असेल आणि मूळ फोल्डर रिकामा दिसला, तर तो इमानदारीत बॅकअपही रिकामा करतो. वाचताना आय-ओ एरर आला तर आरसिंक खोडाखोड थांबवतो, हे खरं. पण रिकामा फोल्डर हा एरर नाही. उपकरणांमध्ये फोल्डर सारखे ठेवणारं सिंकथिंग प्रत्येक फोल्डरात एसटीफोल्डर नावाची खूण ठेवतं आणि ती दिसली नाही तर काम थांबवतं. तीच कल्पना आपणही वापरायची. डिस्कवर एक लपलेली खुणेची फाइल ठेवा, आणि बॅकअपच्या स्क्रिप्टची पहिली ओळ असू द्या: ही फाइल नसेल तर बाहेर पड. शिवाय मॅक्स-डिलीट हा पर्याय देऊन एका रात्रीत किती फाइल खोडता येतील यावर मर्यादा घाला.

सापळा बंद करायला तीन गोष्टी. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) डिस्क एसडीए अशा नावाने नको, यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळखक्रमांकाने लिहा, आणि सोबत नोफेल व डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंद द्या. नोफेल नसेल तर डिस्क न सापडल्यावर सर्व्हर दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातो आणि एसएसएचही मिळत नाही. दुसरी: डिस्क अनमाउंट करून त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर अधिक आय लावा. मग डिस्क नसताना रूटलाही तिथे लिहिता येत नाही. डिस्क माउंट व्हायला याची काही आडकाठी नसते. तिसरी: सिस्टीमसीटीएल एडिट डॉकर करून युनिट शीर्षकाखाली रिक्वायर्समाउंट्सफॉर आणि तुमचा माउंटचा मार्ग लिहा. डिस्क नसेल तर डॉकर सुरूच होणार नाही. पण पाय-होलही (घरभरासाठी वेबसाइटचे पत्ते शोधून देणारा, जाहिराती अडवणारा प्रोग्राम) त्याच डॉकरमध्ये असेल तर ही तिसरी गोष्ट टाळा. नाहीतर डिस्क गेली की घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट जाईल, आणि तुमची सुनावणी होईल.

डिस्क उशिरा माउंट झाली तर आधीच चालू असलेल्या कंटेनरला ती आपोआप दिसत नाही. तो जुन्या रिकाम्या फोल्डरलाच धरून असतो. कंटेनर रीस्टार्ट करावा लागतो.

आत्ता, या क्षणी डिस्क गेलेली असेल तर

लॉग फाइलमध्ये उतरवून घ्या. डॉकरचे सगळे कंटेनर थांबवा. डिस्क अनमाउंट करा. 'बिझी' म्हणाली तर कोण धरून बसलंय ते एफयूजरने बघा, अगदीच ऐकत नसेल तर लेझी अनमाउंट. स्मार्टचे ५ आणि १९७ बघा. ते स्वच्छ असतील तरच ई२एफएससीके, एफ पर्यायासह, आणि डिस्क माउंट असताना कधीही नाही. आकडे वाढलेले असतील तर एफएससीके डिस्कला आणखी ओढतो, आधी डीडीरेस्क्यूने प्रत काढा. मग माउंट ए, खुणेची फाइल दिसते का बघा, मग कंटेनर. या सगळ्यात रीस्टार्ट लागत नाही.

बरं झालं हे कसं ठरवायचं

एका वेळी एकच बदल करा. केबल, अडॅप्टर आणि क्वर्क एकाच रविवारी बदलले तर गेलं कशाने ते कधीच कळणार नाही. आणि आजवर दोन बिघाडांमधलं सगळ्यांत मोठं अंतर जेवढं होतं, त्याच्या तिप्पट तरी वाट बघा. बारा दिवसांनी जाणारी डिस्क दहा दिवस टिकली, तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

दरम्यान पहारा ठेवा. दर पाच मिनिटांनी चालणारा एक टायमर पुरे. त्याने डिस्क माउंट आहे का एवढंच विचारू नये, कारण रीड-ओन्ली झालेली डिस्कही माउंट असतेच. त्याने डिस्कवर एक फाइल लिहून बघावी, आणि जमलं नाही तर फोनवर टेलिग्राम किंवा एनटीएफवायने निरोप द्यावा. घरच्यांच्या हाकेआधी आपल्याला कळलं की निम्मा मनस्ताप वाचतो.

मग एखाद्या सुट्टीच्या सकाळी, बॅकअप हाताशी असताना, मुद्दाम तोडून बघा. कंटेनर थांबवा, अनमाउंट करा आणि केबल उपटून सर्व्हर रीस्टार्ट करा. एसएसएच मिळालं पाहिजे, फोनवर निरोप आला पाहिजे, आणि कार्डावरची मोकळी जागा तासाभरानेही तेवढीच राहिली पाहिजे. डिस्क परत लावा, सगळं सुरू करा, पॉवर सायकल काउंट लिहून घ्या. आता मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडा, मिनिटभराने वर करा. घरात आधी सांगून ठेवा, गीझर चालू असताना नको. डीमेसेजमध्ये नवी ओळ नाही आणि काउंट तोच, तर इन्व्हर्टरवर वीज बदलणं डिस्कला पचतंय. काउंट एकाने वाढला असेल, तर यूपीएस घ्या. बाकीचं सगळं तुम्ही आधीच बरोबर केलेलं असलं तरीही.